सरवरीभाभीच्या पुड्या

सोनईतल्या माझ्या वयाच्या निम्म्या बायकांच्या लग्नाचा चुडा सरवरीभाभीने भरलेला आहे. माझा नाही, कारण मी लग्न होऊन या गावात आले. पण आमच्या लेकीचा, पंकजाचा, तिनेच भरला. तोंडावर मी तिला 'भाभी, तुम्ही' म्हणायचे, मनात मात्र ती 'ती'च होती, म्हणून इथे तसंच लिहिते.

तिचं माहेर नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचं, डोंगरातलं. सतराव्या वर्षी नबीलाल मनियारांच्या घरात आली. मनियारांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या बांगड्यांचा. नबीलालभाई सायकलवर पेट्या बांधून आठवडे बाजार करायचे आणि भाभी पेठेतल्या दुकानात बसायची. माप कधी विचारायची नाही. बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा दोनदा दाबायची आणि मागे न बघता फळीवरून डबा काढायची. बांगडी अडली की विचारायची, "सासू कशी हाय गं?" बाईचं सगळं चित्त सासूकडे लागायचं आणि तेवढ्यात बांगडी मनगटात उतरलेली असायची.

मी एकदा म्हटलं, "भाभी, हे बरं जमतं तुम्हाला."

"सासू न्हाई तिला नणंद इचारायची. कुणीतरी आसतंच, मास्तरीणबाई."

आमचे हे, शामकांत, हायस्कूलला शिक्षक होते, म्हणून मी मास्तरीणबाई. निवृत्त झाले तरी मी तीच राहिले.

नबीलालभाई हृदयाच्या झटक्याने गेले, तेव्हा मुलगा आकिब बारावीत होता. भाभी चाळिसाव्या दिवसानंतर दुकानात येऊन बसली. मुलाला शिकवलं, टेम्पो घेऊन दिला, लग्न केलं, सून आणली मुबश्शिरा. रडताना मी तिला दोनदाच पाहिलं. एकदा नबीलालभाई गेले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा एका नवरीच्या हातात बांगडी फुटली तेव्हा.

त्या नवरीचं जरा सविस्तर सांगायला हवं. भाभीची बोटं वर्षभरापासून आखडत होती. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. मनगटं सुजून गरम व्हायची. नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, गुण यायला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. भाभीने महिनाभर घेतल्या. पोटात आग पडते म्हणाली आणि सोडल्या. बाई दुखरे हात घेऊन चुडे भरत राहिली. मग त्या दिवशी भरल्या मांडवात हिरवी बांगडी तिच्याच अंगठ्याखाली फुटली आणि काच नवरीच्या मनगटात घुसली. रक्त आलं. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण त्या पोरीच्या आत्याने सगळ्यांसमोर 'फुटली' म्हटलं. भाभी घरी आली, दुकानाला कुलूप लावलं आणि आठ दिवस उघडलं नाही.

तिला पुड्या मी आणून दिल्या.

आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर एक मठ आहे, त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मी तिथे वर्षानुवर्षं गुरुवारी जात होते. आरती झाली की महाराजांचे सेवेकरी सांधेदुखीचं औषध देत. कागदाच्या सात पुड्या. रोज सकाळी एक, मधातून. मोल नाही, दक्षिणा नाही. पण तीन नेम कडक होते. डॉक्टरी औषधाबरोबर घ्यायची नाही. खंड पाडायचा नाही. आणि औषध घेतो हे तिसऱ्या कानाला सांगायचं नाही. घेणारा एक, आणणारा दुसरा, बस. सांगितलं की गुण जातो.

पहिल्यांदा पुड्या दिल्या तेव्हा भाभी म्हणाली, "तुमच्या महाराजाला माजी जात चालंल का?"

"औषधाला जात नसते."

"मग ठीक. मनियार मी हाय, माजं दुखनं न्हाई." आणि पुडी उघडून हुंगली. "वास तर मेडिकलच्या दुकानासारका येतोय की हो."

मी तिला गप्प केलं. देवाच्या दारातल्या गोष्टीला असं नाक लावू नये, असंच मला वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. भाभी फाटकातून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांच्या मुठी वळून दाखवल्या. नुसत्या मुठी! पुन्हा उघडल्या, पुन्हा वळल्या. हसतच होती. माझ्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: 'भाभीचे हात उघडले, देवा तुझी कृपा.'

ती कृपा तीन वर्षं चालली. दर गुरुवारी मी सात पुड्या आणायचे. आकिबला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही. भाभी काचेच्या बांगड्यांच्या रिकाम्या खोक्यात पुड्या ठेवायची. दुकान पुन्हा भरलं. तिचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. बायका चिडवायच्या, "भाभी, लेकाकडून तूप येतं वाटतं!" ती म्हणायची, "तूप कसलं, वारा भरलाय. सुई टोचली तर फुस्सकन जाईल." हाताची कातडी पातळ झाली होती, कुठे जरा टेकली तरी निळा डाग पडायचा. आम्ही म्हणायचो, वय झालं. दोष पाहायचा नसला की डोळ्यांना दिसत नाही.

गेल्या माघात, सोमवारी दुपारी, ती दुकानातल्या बसक्या स्टुलावर चढली आणि खाली आली. स्टूल केवढं, वीतभर. पण खुब्याचं हाड मोडलं. आकिबने टेम्पोतच गादी घालून नगरला नेलं. मुबश्शिरा बाळंतीण, बाळ बारा दिवसांचं. बाईमाणूस कोण राहणार? मी राहिले. पर्समध्ये माळ, स्तोत्राचं पुस्तक आणि भाभीच्या खोक्यातून काढून घेतलेल्या, गुरुवारच्या उरलेल्या तीन पुड्या.

मंगळवारी, बुधवारी भाभीने पुडी मागितली. मी दिली नाही. सलाईन चालू होतं, दुखण्याची इंजेक्शनं चालू होती. डॉक्टरी औषधाबरोबर चालत नाही हा नेमच होता. गुरुवारी तिला मळमळायला लागलं.

"लई गळाल्यावानी वाटतंय, मास्तरीणबाई. अंगात जीवच न्हाई."

"हाड मोडलंय भाभी, वाटणारच."

"पुडी द्या की एक."

"उद्या ऑपरेशन होऊ द्या. मग बघू."

पुड्या माझ्या मांडीवरच्या पर्समध्ये होत्या.

गुरुवारी संध्याकाळी भुलीच्या डॉक्टर आल्या, डॉ. यामिनी. वय तिशीच्या आतबाहेर, गळ्यात साधी पोत, बोलणं शांत. भाभीला तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, कवळी आहे का विचारलं. पाठीचा कणा चाचपून म्हणाल्या, "कमरेतून सुई बसणं अवघड दिसतंय. पूर्ण भूल द्यावी लागेल."

"म्हंजे काईच कळनार न्हाई?"

"काहीच नाही. आज रात्री एक गोळी देऊ, झोप लागेल, धास्ती राहणार नाही. एक ॲसिडिटीची. बारानंतर पाणीसुद्धा नाही. सकाळी आत नेण्याआधी सलाईनमधून इंजेक्शनं देऊ. तोंड कोरडं पडेल, गुंगी येईल, घाबरायचं नाही. भूल नीट चढावी, म्हणून ही तयारी."

"मला भ्या न्हाई वाटत. ती गोळी ह्यास्नी द्या," भाभीने माझ्याकडे बोट केलं. "सकाळधरनं माळ ओढत्यात."

डॉक्टर हसल्या. मग कागद पुढे घेतला. "मिश्री, तंबाखू?"

"मिश्री व्हती. सोडली."

"दमा, शुगर, बीपी?"

"न्हाई."

"कुठली औषधं चालू आहेत? रोजच्या गोळ्या? आयुर्वेदिक, गावठी, पुड्या, काढे, काहीही. हे फार महत्त्वाचं आहे, आजी. आम्ही रागावत नाही."

भाभीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नाही.

"काई न्हाई," भाभी म्हणाली.

"हाताचे सांधे सुजल्यासारखे आहेत."

"आदी दुकायचे. आता न्हाई दुकत."

डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि गेल्या.

त्या गेल्यावर भाभीने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग हळूच म्हणाली, "सांगायचं व्हतं का वो?"

"तिसऱ्या कानाला सांगायचं नाही, ठाऊक आहे ना."

"ती तर डाक्टर हाय."

"डॉक्टरला कान नसतात का?" मी म्हटलं.

ती हसली. मीही हसले. हे मी लिहिते आहे कारण हेच खरं आहे. आम्ही दोघी हसलो.

सकाळी सिस्टर आली. बांगड्या काढायच्या होत्या. तिने कात्री आणली तशी भाभी पडल्या जागी ताठ झाली. "कातरी कशाला? साबन आना." सिस्टरने साबण आणला. भाभीने बोटं एकावर एक आवळली, हात निमुळता केला आणि बारा बांगड्या एकेक करून काढल्या, एकही तडकली नाही. मोजून माझ्या हातात दिल्या. "दुकानात ठिवा. ह्या इकायच्या न्हाईत."

मग इंजेक्शन. सिस्टरने सिरिंज भरली, तशी भाभी म्हणाली, "थांब गं बाई. सुईनं जीभ जड व्हनार. आदी कलमा म्हनू दे." सिस्टर थांबली. सिरिंज वर धरून, खाली मान घालून उभी राहिली. भाभीने हलक्या आवाजात म्हटला, तोंडावरून हात फिरवला. "हं, आता टोच."

पाच मिनिटांत पापण्या जड झाल्या. "तोंड खरंच वाळलं," म्हणाली. आकिब ट्रॉलीबरोबर दारापर्यंत चालत गेला. तिने त्याला विचारलं, "बाळाला टोपडं घालतीय ना मुबश्शिरा? थंडी हाय." तो 'हा अम्मी' म्हणाला. दार बंद झालं.

मी बाकावर बसून जप सुरू केला. एकदा माळ हातात घेतली की मेरुमणी येईपर्यंत बोलायचं नाही, हा सासूबाईंनी घालून दिलेला नेम. चाळीस वर्षांत मी तो मोडला नव्हता.

पाऊणएक तास झाला असेल. दार उघडलं आणि यामिनी डॉक्टर बाहेर आल्या. मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम.

"आकिब कोण? तुमच्या आईला कुठलं औषध चालू होतं का? सांधेदुखीचं, काहीही? बीपी एकदम खाली गेलंय. आम्ही देतोय ती औषधं लागू पडत नाहीत. आठवून सांगा."

"न्हाई मॅडम. अम्मीला कायबी न्हाई. सर्दीची गोळीबी घेत न्हाई ती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ हलत होते, बोटं मण्यांवर होती. देवाचं नाव घेणाऱ्या बाईला मधेच काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं. त्या आत गेल्या. आकिबला रक्ताची सोय करायला खाली पिटाळलं.

माळेचे चाळीस-बेचाळीस मणी उरले होते. मी ते सगळे ओढले. देवाचं नाव एकाही मण्यावर घेतलं नाही. 'सांगू' एका मण्यावर, 'नको' दुसऱ्यावर. सांगितलं तर गुण जाईल. सांगितलं तर आकिब काय म्हणेल. सांगितलं तर मठाचं नाव जाईल. मेरुमणी आला तेव्हा मी उठले आणि दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

डॉक्टरांनी दार उघडलं तशी मी पर्समधल्या पुड्या त्यांच्या हातात कोंबल्या. त्यांनी एक उघडली, पांढरी भुकटी बोटावर घेऊन पाहिली.

"किती दिवस?"

"तीन वर्षं. रोज."

"बंद कधी केली?"

"मंगळवारपासून."

त्या आत वळल्या. पळाल्या. आतून त्यांचा आवाज आला, कुठल्यातरी इंजेक्शनचं नाव मोठ्याने घेत होत्या, दोनदा.

भाभीचं बीपी त्यानंतर चढलं. पण भाभी शुद्धीवर आली नाही. तिला नळ्या लावून आयसीयूत ठेवलं.

संध्याकाळी यामिनी डॉक्टर माझ्याशेजारी बाकावर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काकू, ही बहुतेक स्टेरॉईडची गोळी आहे, कुटून भरलेली. सूज लगेच उतरते, म्हणून लोकांना चमत्कार वाटतो. पण रोज बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. हाडंही पोकळ होतात. मग अचानक बंद केलं आणि त्यावर मोडलेलं हाड, ऑपरेशन, भूल... शरीराकडे तग धरायला काही उरत नाही."

"काल सांगितलं असतं तर?"

"तर सकाळच्या इंजेक्शनांबरोबर त्याच स्टेरॉईडचं आणखी एक दिलं असतं. छोटीशी बाटली असते. भूल द्यायच्या आधीच."

"आणि मग?"

"मग बहुतेक हे झालं नसतं." उठता उठता त्या म्हणाल्या, "मुलाला पुड्यांचं मी सांगणारच आहे, मला लपवता येणार नाही. कुणी आणून दिल्या ते तुम्ही सांगता की मीच सांगू?"

"मी सांगते," मी म्हटलं.

नाही सांगितलं. सहा दिवस त्या बाकावर आकिबच्या शेजारी बसून मी सांगितलं नाही. तो घरून आणलेल्या डब्यातली भाकरी मला आधी द्यायचा. "काकू, तुमी खाल्लं तर अम्मीला बरं वाटंल." मी खायचे.

तिसऱ्या दिवशी भाभीने डोळे उघडले. तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. हाताची बोटं पुन्हा आखडून गेली होती, तळव्यात शिरलेली. माझ्याकडे बघत होती की माझ्यामागच्या भिंतीकडे, ते कळलं नाही. मग मूत्रपिंडं गेली. सातव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती गेली.

सोनईला आणलं. पेठ बंद होती. अंगणात बायकाच बायका, आमच्या आळीतल्या, माळीवाड्यातल्या, मळ्यांवरच्या. पुरुष जनाजा घेऊन गेले तरी त्या उठेनात. मला कुणीतरी पाणी दिलं. म्हणाली, "इंदूताई, तुम्ही लई केलं तिचं." मी पाणी प्यायले.

तिसऱ्या दिवशी कबरीवर दुआ मागायची जियारत झाली. लोक पांगल्यावर ओट्यावर आकिबचे दोन मित्र बसले होते. एकाच्या हातात टाईप केलेला अर्ज. मी मुबश्शिरासाठी खीर घेऊन गेले होते, ती तशीच हातात राहिली.

"भूल जास्त दिली बाईनं," एक म्हणत होता. "आन आता पुड्यांची ष्टोरी लावलीय. मेलेलं मानूस बोलायला येत न्हाई ना."

"उद्या पोलीस स्टेशन," दुसरा म्हणाला. "पेपरातबी देऊ. त्या यामिनीचं दुकानच बंद पाडू."

आकिब उंबऱ्यातून पुढे झाला. त्याने अर्ज घेतला, वाचला, खिशातलं पेन काढलं.

"आकिब," मी म्हटलं, "सही करू नकोस."

"का वो काकू?"

"पुड्या खऱ्या होत्या. मीच आणत होते. तीन वर्षं."

मित्र एकमेकांकडे बघायला लागले. आकिब हसल्यासारखा झाला. "काकू, तुमी लई साध्या. त्या डाक्टरनीनं तुमाला बोलायला लावलंय."

"तुझ्या दुकानातल्या फळीवर, वरून तिसरी रांग, काचेच्या बांगड्यांचं निळं खोकं आहे. जाऊन बघ."

तो गेला. दुकान घराला लागूनच. आम्ही तिघं तसेच ओट्यावर होतो. परत आला तेव्हा त्याच्या हातात पुड्यांचे रिकामे कागद होते. तीन वर्षांचे. भाभीने एकही टाकला नव्हता, सुतळीने बांधून ठेवले होते. देवाच्या ठिकाणचा कागद कचऱ्यात कसा टाकायचा, असं मीच तिला कधीतरी म्हटलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. मान हलवली ते, आम्ही हसलो ते. आणि मण्यांचंही. ते सांगितलं नसतं तरी कुणाला कधी कळलं नसतं.

आकिब सुतळीची गाठ चाचपत होता. आत बाळ रडत होतं, मुबश्शिरा त्याला घेत नव्हती. तीही ऐकत असावी.

"डाक्टर मला इचारत व्हत्या," तो म्हणाला, "तवा तुमी माज्यासमोर बसल्या व्हत्या."

"हो."

"मी तुमच्याकडं बघितलं व्हतं, काकू. मला वाटलं, तुमी अम्मीसाठी मागताय."



त्याने अर्ज मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि मित्रांना म्हणाला, "जावा तुमी." ते गेले. मग माझ्या हातातलं खिरीचं पातेलं त्याने घेतलं, ओट्याच्या कडेला ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे घरी घिऊन जावा. आन आता हिकडं येत जाऊ नका."

मी पातेलं उचललं. पायऱ्या उतरत असताना मागे दार लागलं, आणि मी रस्त्यावर पोचले तेव्हा आतून कडी घातली गेली.